वेत आणि विवेक

धर्माचे प्रश्न नेहमी मोठ्या रूपानेच पुढे येतात असे नाही. यज्ञ करावा की न करावा, संन्यास घ्यावा की न घ्यावा, हे प्रश्न पोथीत शोभतात. पण संसारी माणसाची खरी परीक्षा पुष्कळदा घरातल्या एखाद्या कोपऱ्यात होते. तिथे जुन्या लुगड्याच्या घडीवर डोळे मिटलेले तीन-चार जीव आईच्या पोटाशी चुळबुळत असतात आणि घरधन्याला त्या घटकेला आपले उत्तर कृतीने द्यावे लागते. घरी लहान जातीची कुत्री पाळून तिला वेत घडवावे काय, पिल्ले विकावीत काय, आणि हे केले तर त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर, असा प्रश्न अलीकडे आपल्यातलेच लोक विचारू लागले आहेत. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही.

हिंजवडीचेच पहा ना. म्हातोबाच्या बगाडाने ओळखले जाणारे हे मुळशी तालुक्यातले गाव. पूर्वी इथे भाताची, उसाची खाचरे होती. घरटी गुरे होती आणि दाराशी एखादे गावठी कुत्रे असे. भाकरतुकडा खाऊन ते राखण करी. विसाव्या शतकाच्या अखेरीस इथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले, जमिनी गेल्या, पैसा आला, इमारती उठल्या. माण, मारुंजीपर्यंत देशोदेशीची तरुण मंडळी भाड्याने राहू लागली. गोठा गेला, आणि गोठ्याच्या जागी खोल्या आल्या. जनावराची माया मात्र माणसाच्या मनातून जात नाही, म्हणून मोठे जनावर गेले तिथे छोटे आले. पामेरियन, पग, शिटझू अशी मांडीवर मावणारी कुत्री घराघरांत दिसू लागली. पांढऱ्या केसाळ कुत्र्याला 1994 सालच्या एका हिंदी चित्रपटाने घरोघर नेले, तर 2003 साली हच कंपनीच्या जाहिरातीतल्या पगाने चपट्या नाकाची आवड लावली. आवड वाढली तशी मागणी वाढली. मग कोणाच्या तरी मनात येते, ‘आपल्याकडे मादी आहे, शेजारच्या इमारतीत नर आहे, एक वेत होऊ द्यावे, चार पैसे येतील.’

या विचारात पाप आहे काय? एकदम पाप म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. नोकरीचा भरवसा नसलेल्या घरात घरबसल्या मिळणारा पैसा कोणाला नकोसा असतो? कष्टाने, सचोटीने पैसा मिळवण्याला संतांनी कधी नावे ठेवली नाहीत. म्हणून ‘पैसा घ्यावा की नाही’ हा इथला प्रश्नच नव्हे. कशाच्या बदल्यात पैसा घेतो आणि कोणाच्या अंगावर तो काढतो, हे पाहणे आहे.

कोणी म्हणेल, ‘अहो, आमच्या आजोबांच्या गोठ्यात गाय व्यायची, शेळी व्यायची, दारची कुत्रीसुद्धा दर वर्षी वळचणीला व्यायची. तेव्हा कोणी धर्म विचारला नाही. आताच काय बिघडले?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या दोन कुत्र्यांच्या फरकातच आहे. दारची कुत्री आपल्या मर्जीने माजावर येई, आपला नर आपण निवडी, अंगाने काटक असे आणि कोणाच्या मदतीवाचून मोकळी होई. त्या जन्माचा कर्ता आजोबा नव्हते. घरातल्या मादीला मात्र आपण कोंडतो, आपण नर ठरवतो, दिवस आपण मोजतो, गिऱ्हाईकही आपणच शोधतो. इथे कर्ता आपण झालो. आणि जो कर्ता झाला त्याला ‘जन्माला आले ते त्याचे प्रारब्ध’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. दुसऱ्याचे प्रारब्ध ज्याचे त्याला माहीत. आपल्या वाट्याला येते ते आपले कर्तव्य.

दुसरा फरक देहाचा. ही लहान कुत्री माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून घडवली आहेत. डोके मोठे, कंबर अरुंद, नाक चपटे, हाडे नाजूक. दिसायला गोजिरवाणे जे आहे तेच बाळंतपणात वैरी होते. पिलाचे डोके मोठे आणि वाट अरुंद असली की मादी अडते. पगासारख्या जातीत तर पोट फाडून पिल्ले काढण्याची पाळी वारंवार येते. लहान मादीच्या पोटी एक, दोन, फार तर तीन-चार पिल्ले असतात. त्यातही एकच असले तर ते पोटात जास्त वाढते आणि एकट्या पिलाने कळांना पुरेसा जोरही येत नाही. म्हणजे एका पिलाची आशा धरणाऱ्याच्या पदरात कधी कधी एक शस्त्रक्रिया आणि मेलेली आई एवढेच पडते.

आता या व्रताची लांबी पहा. मादी गाभण राहिल्यापासून व्यायपर्यंत सुमारे 63 दिवस जातात. त्यानंतर पिल्ले आईपासून तोडण्याआधी निदान 8 आठवडे, म्हणजे 56 दिवस. दोन्ही मिळून 119 दिवस झाले. आषाढी एकादशीला चातुर्मास धरावा आणि कार्तिकीला सोडावा, जवळपास तितकेच हे दिवस! चातुर्मासात आपण कांदा-लसूण सोडतो, नेम धरतो, आणि एखादा दिवस चुकला तर मनाला रुखरुख लागते. मग ज्याने आपण होऊन एका मुक्या जिवाला गाभण केले, त्याने हा दुसरा चातुर्मास तितक्याच निष्ठेने पाळायला नको काय?

या चातुर्मासाचे नेमही कडक आहेत. नर लावण्याआधी दोघांची तपासणी करावी. संसर्गाने गर्भ पाडणारा ब्रुसेला नावाचा एक रोग आहे, तो माणसालाही लागू शकतो. गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनळी दबणे हे दोष लहान जातींत पिढीजात उतरतात, तेही पाहिले पाहिजे. ‘शेजारचा नर दिसायला देखणा आहे’ एवढ्यावर भागत नाही. तो मादीचा भाऊ किंवा बाप तर नाही ना, हे विचारावे लागते. व्यायच्या आधी साधारण एक दिवस मादीच्या अंगाची उष्णता 99 फॅरनहाइटच्या खाली उतरते, म्हणून शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ती मोजावी. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, दोन पिलांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ जाऊनही पोटात पिल्लू शिल्लक असेल, किंवा पहिल्या पिलाआधीच हिरवा स्राव दिसला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा. ही वेळ बहुधा रात्रीची असते. रात्री दोन वाजता कोणता दवाखाना उघडा असतो आणि तिथवर कसे जायचे, हे ज्याने आधी ठरवले नाही त्याने मादी गाभण केली ती देवाच्या भरवशावर नव्हे, तिच्या जिवाच्या भरवशावर.

व्यायली म्हणजे सुटली असेही नाही. लहान मादी दूध पाजू लागली की दोन-चार आठवड्यांत तिच्या रक्तातला चुना एकाएकी उतरतो. दुभत्या गाईला दुग्धज्वर होतो, त्यातलाच हा प्रकार. मादी धापा टाकते, थरथरते, पाय ताठ होतात, झटके येतात, आणि तत्काळ उपचार न झाल्यास ती दगावते. ‘आधीच चुन्याच्या गोळ्या देऊन ठेवाव्या’ असे कोणी सांगेल तर ऐकू नये; गाभणपणी विनाकारण चुना दिल्यास हाच धोका वाढतो. पिल्ले तर शंभर-दीडशे ग्रॅमची. स्वतःच्या अंगाची ऊब त्यांना राखता येत नाही. पहिला आठवडा जागा उबदारच हवी. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात. आईला दूध नसेल तर दर दोन-तीन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, हाताने पाजावे लागते. गाईचे नुसते दूध त्यांना पुरे पडत नाही. एवढ्याशा जिवाने एक-दोन पाळ्या चुकवल्या की रक्तातली साखर उतरून ते निपचित पडते. दोन आठवड्यांपासून जंताचे औषध, सहा-आठ आठवड्यांपासून लसी, पुढे पिसाळ रोगाची लस. हे सारे त्या जमाखर्चात मांडा. पिल्ले विकून आलेला पैसा एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला तपासणी, सोनोग्राफी, शस्त्रक्रिया, औषधे, लसी आणि दोन महिन्यांची जाग्रणे लिहा. प्रामाणिकपणे मांडलेल्या या वहीत नफा फार थोड्यांना दिसेल. ज्यांना मोठा नफा दिसतो, त्यांनी बहुधा खर्चाच्या बाजूची एखादी ओळ खोडलेली असते, आणि ती ओळ कुत्रीने आपल्या अंगावर सोसलेली असते.

इथे एक अडचण आपल्यापैकी पुष्कळांची आहे. घर माळकरी, स्वयंपाकघरात अंडेसुद्धा येत नाही, आणि दूध पाजणाऱ्या मादीला नेहमीच्या दुपटी-तिपटीपर्यंत सकस आहार लागतो. वरणभातावर तिचे भागत नाही. याला उत्तर एकच. माळ आपल्या गळ्यात आहे, तिच्या नाही. आपले व्रत आपण पाळावे, त्याचा उपास तिच्यावर लादू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने तयार आहार आणावा, वेगळ्या भांड्यात द्यावा. तेही मनाला पटत नसेल तर मन मारून करू नये. त्या घरी कुत्रीचे वेत होऊच देऊ नये. यात कोणाचा कमीपणा नाही.

आता सर्वांत कठीण भाग. पिल्लू विकले, पैसे घेतले, दार लावले. संबंध तुटला काय?

नामदेवरायांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल या काळजीने. कीर्तनात ही कथा सांगताना आपण सर्वांभूती देव पाहण्याचा अर्थ काढतो, तो खराच आहे. पण आणखी एक गोष्ट तिच्यात आहे. भाकरी गेली तिथे नामदेवांचा व्यवहार संपला नाही. देणे कुठवर पोचते तिथवर ते धावत गेले. आणि ते कुत्रे तर त्यांनी पाळलेलेही नव्हते. धर्मराजाच्या मागे स्वर्गाच्या दारापर्यंत चालत आलेले कुत्रेही त्याने जन्माला घातलेले नव्हते. केवळ ते आपल्या आधाराने आले, एवढ्याखातर स्वर्ग नको म्हणाला. मग आपण ठरवून, दिवस मोजून, मोल घेऊन जो जीव जगात आणला, त्याच्यामागे आपण किती पावले धावायला हवे?

हिशोबच करायचा तर असा करा. लहान कुत्री नीट सांभाळली तर बारा-पंधरा वर्षे जगते. एका वेताची तीन पिल्ले धरली तर कमीत कमी छत्तीस वर्षांचे अन्न, औषध आणि माया आपण कोणाकडून तरी मागून घेत आहोत. हिंजवडीत पिल्लू घेणारा कोण? बहुधा भाड्याच्या घरातला तरुण. आज इथे नोकरी, उद्या बंगळुरूला, परवा परदेशी. घरमालक बदलला, लग्न झाले, मूल झाले, की पहिला प्रश्न कुत्र्याचा. 2020 साली टाळेबंदीत माणसे घरी बसली तेव्हा सोबतीला म्हणून पिल्ले घेण्याची हौस वाढली. कचेऱ्या पुन्हा उघडल्या तशी काही कुत्री दिवसभर कोंडून राहू लागली, काहींना नवे घर शोधावे लागले, काही रस्त्यावर आली. गावठी कुत्रे रस्त्यावर कसेबसे जगते. रेशमी केसांचे, चपट्या नाकाचे, चार किलोचे कुत्रे उन्हात आणि वाहनांच्या गर्दीत किती दिवस काढणार? अनाथ होण्यासाठी सुद्धा त्याचा देह घडलेला नाही.

म्हणून पिल्लू देणाऱ्यावर दोन बंधने येतात. घेणाऱ्याचे घर पाहावे, घरमालकाची संमती आहे का विचारावे, दिवसभर घरी कोण असते ते विचारावे, आणि उत्तर पटले नाही तर जास्त पैसे देत असला तरी नाही म्हणावे. लेक देताना आपण स्थळ पाहतो. इथे तर ती मुकी. आणि दुसरे बंधन असे की, त्या पिलाला पुढे कधीही ठिकाण उरले नाही, तर ते आपल्या दारी परत घ्यावे. ज्याच्या घरात परत आलेल्या जिवाला जागा नाही, त्याच्या घरात नव्या जिवाला जन्म देण्याइतकी जागा नाही, हे पक्के समजावे.

आईकडेही पाहिले पाहिजे. पिल्ले विकली गेली, कौतुक त्यांचे झाले. तिची स्तने ओघळली, केस झडले, पुढच्या माजाला पुन्हा नर. असे करत सात-आठ वर्षांची झाली की ती ‘निकामी’. शेतकऱ्याच्या घरी भाकड गाय सांभाळण्याला पुण्य मानले जाई, ते उगाच नव्हे. जिचे दूध प्यालो तिचे म्हातारपण आपले, अशी ती साधी कृतज्ञता होती. आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे. जुन्नर तालुक्यातल्या त्या गावी जाऊन आपण हात जोडतो, तेव्हा एका जनावराला शेवटपर्यंत आपले मानण्याच्या रीतीलाच हात जोडतो. मग घरच्या थकलेल्या कुत्रीला गोणीत घालून लांबच्या वस्तीवर सोडून येणारा हात आळ्याच्या समाधीपुढे कोणत्या तोंडाने जुळणार?

राज्यानेही या बाबतीत काही मर्यादा घातल्या आहेत, त्या घरगुती विक्रेत्यांना पुष्कळदा ठाऊकच नसतात. 1960 साली प्राण्यांशी क्रूर वर्तणूक रोखण्याचा कायदा झाला, आणि त्याखाली 2017 साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांचे नियम निघाले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला नर लावू नये. वर्षात एकाहून अधिक वेत नको. लागोपाठच्या दोन माजांना गाभण करू नये. आयुष्यात पाचाहून अधिक वेते नकोत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असा त्यांचा आशय आहे. घर लहान म्हणून नियम लहान होत नाही. मात्र जनावर टाकून देणाऱ्याला त्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड लिहिला तो पन्नास रुपयांपर्यंत! म्हणजे सरकारी भीतीवर हे काम चालायचे नाही. जिथे कायद्याचा हात तोकडा पडतो, तिथेच माणसाचा विवेक लागतो. हे नियम कमाल मर्यादा सांगतात, हेही विसरू नये. पाच वेतांपर्यंत मुभा आहे म्हणजे पाच वेते करावीत असे नव्हे.

आणखी दोन शंका राहतात. पुष्कळ बाया मायेने म्हणतात, ‘एकदा तरी तिला आई होऊ द्यावे, नाहीतर तिचा जीव तळमळेल, प्रकृती बिघडेल.’ ही समजूत चांगल्या मनातून आलेली, पण खरी नाही. एका वेताने मादीची प्रकृती सुधारते याला वैद्यकात आधार नाही. उलट, शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा रोग होतो, आणि स्तनांच्या गाठीही त्यांच्यातच अधिक होतात. वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने पहिला धोका टळतो, दुसरा कमी होतो. आईपणाची हौस तिची नसून बहुधा आपलीच असते, तिच्या नावावर खपवलेली.

दुसरी शंका धार्मिक माणसाची. ‘नसबंदी म्हणजे देवाच्या सृष्टीत हात घालणे नव्हे काय?’ सज्जनहो, हात तर आपण केव्हाच घातला आहे. ती चपटी नाके, ती अरुंद कंबर देवाने नव्हे, माणसाच्या हौसेने आणली. नर आणून लावला तोही हात, पिलाची किंमत ठरवली तोही हात. हे सगळे करताना सृष्टी आपली, आणि जबाबदारीची वेळ आली की सृष्टी देवाची, हा न्याय कुठला? आणि गल्लोगल्ली बेवारस पिल्ले असताना, त्यांतली कित्येक पहिल्या पावसाळ्यातच मरत असताना, नवी पिल्ले आणण्याचा सोस न करणे हीही भूतदयाच आहे. ज्याला कुत्र्याची खरी माया आहे, त्याने दारचे एखादे गावठी पिल्लू उचलून लस, जंताचे औषध आणि शस्त्रक्रिया यांसह सांभाळून पाहावे. ते आपल्या हवेला सोसते, आपल्या घरचे अन्न पचवते, आणि मायेत कोणत्याही मोलाच्या कुत्र्याला हार जात नाही.

तात्पर्य काय? घरी कुत्रीला वेत घडवूच नये असा सरसकट निषेध इथे करायचा नाही. ज्याला ज्ञान आहे, जागा आहे, पदरी पैसा आहे, नियमांची नोंद आहे, रात्र जागण्याची तयारी आहे आणि परत आलेल्या जिवाला दार उघडण्याची छाती आहे, त्याने विचारपूर्वक हे करावे. त्याच्या हातून पुढची पिढी अधिक निरोगी होईल. पण यांतले एकही नसेल तर न करणे हाच धर्म. करण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: या वेतातून एक पैसाही मिळणार नसेल, उलट खिशातलेच जाणार असतील, तरी मी हे करीन काय? उत्तर ‘होय’ आले तर ती माया आहे. ‘नाही’ आले, तर कुत्री आपल्या घरात पोटच्या लेकरासारखी नाही, दुकानातल्या मालासारखी आहे, हे ओळखून तिथेच थांबावे.

आपण वाटेने चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपतो. घराच्या कोपऱ्यात, आपल्याच भरवशावर धापा टाकत कळा सोसणारी ती माउली मुंगीहून खासच मोठी आहे. तिला जपावे.

रामकृष्णहरी.